वर्ल्ड कपची फायनल आपल्याच शहरात, मग तिकीट नेमकं कोणाला मिळतं?

२ एप्रिल २०११, शनिवार. नुवान कुलसेकराच्या चेंडूवर महेंद्रसिंह धोनीने मारलेला षटकार वानखेडेच्या स्टँडमध्ये जाऊन पडला आणि भारत २८ वर्षांनी वन-डेचा जगज्जेता झाला. त्या रात्री मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. पण रस्त्यावर उतरलेल्या त्या गर्दीतल्या बहुतेकांनी सामना टीव्हीवरच पाहिला होता. कुणी घरी, कुणी सोसायटीच्या आवारात, कुणी नाक्यावरच्या दुकानासमोर उभं राहून. स्टेडियम लोकलच्या अंतरावर होतं. तिकीट मात्र हाताच्या अंतरावर नव्हतं.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला वर्ल्ड कपची फायनल पावसामुळे दोन तास उशिरा, संध्याकाळी पाच वाजता सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. स्टँडमध्ये निळ्या जर्सीतल्या शाळकरी मुली होत्या, आई-बाबा होते, आजी-आजोबाही होते. अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं.

दोन्ही फायनल एकाच महानगरात झाल्या, दोन्ही भारताने जिंकल्या. मग एका फायनलला सामान्य कुटुंबाला दारही उघडलं नाही आणि दुसरीला ते आत जाऊन बसलं, असं का? पुरुषांच्या क्रिकेटला मागणी जास्त, हे त्याचं सोपं उत्तर आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

३३ हजार खुर्च्या, ४ हजार तिकिटं

२०११ च्या वर्ल्ड कपसाठी वानखेडेचं नूतनीकरण झालं. बैठक व्यवस्था बदलली, नवं छत आलं आणि क्षमता आधीपेक्षा कमी होऊन सुमारे ३३ हजारांवर आली. फायनलच्या आधी आयोजकांनी तिकिटांचा हिशेब सांगितला, तेव्हा अनेकांना तो छापण्यातली चूक वाटला. सर्वसामान्यांसाठी विक्रीला होती फक्त ४ हजार तिकिटं.

बाकीची कुठे गेली? सुमारे २० हजार तिकिटं मुंबई क्रिकेट असोसिएशनशी, म्हणजे एमसीएशी, संलग्न असलेल्या क्लबांसाठी. सुमारे साडेआठ हजार आयसीसीसाठी. आयसीसीच्या वाट्यातून प्रायोजक, प्रसारक, वेगवेगळ्या देशांची मंडळं आणि पाहुणे यांची सोय होते. उरलेल्या ४ हजारांतली काही तिकिटं ऑनलाइन विकायची होती. विक्री सुरू झाली आणि अधिकृत तिकीट वेबसाइट काही वेळातच कोलमडली.

त्याच आठवड्यात बंगळुरूमध्ये भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे होते. खिडकीवरची तिकिटं संपल्यावर गोंधळ झाला आणि पोलिसांनी लाठीमार केला. रांगेत उभं राहण्याची तयारी असली की तिकीट मिळतं, ही जुनी समजूत त्या आठवड्यात बऱ्याच जणांची गेली.

म्हणजे मागणी प्रचंड होती हे खरंच. पण विक्रीच्या खिडकीपर्यंत पोहोचण्याआधीच दर आठ खुर्च्यांपैकी सात खुर्च्यांवर नाव लागलेलं होतं.

क्लबांना एवढी तिकिटं का?

हे समजायला एमसीए म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं. एमसीए ही सरकारी संस्था नाही. ती क्लबांची, संस्थांची संघटना आहे. मैदानांवर वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांत खेळणारे, मुलांना क्रिकेट शिकवणारे क्लब तिचे सदस्य असतात. संघटनेच्या निवडणुकीत मतदानही तेच करतात. त्यामुळे स्टेडियममधल्या खुर्च्यांवर पहिला हक्क आमचा, असं क्लबांचं म्हणणं असतं आणि ते अगदीच निराधार नाही. आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर उन्हात क्रिकेट जिवंत ठेवणारे लोक हेच. प्रश्न प्रमाणाचा आहे. तीनपैकी जवळपास दोन खुर्च्या सदस्यांच्या असतील, तर ज्याची क्लबात ओळख नाही त्याच्यासाठी ते स्टेडियम बंदच.

गंमत म्हणजे वानखेडे स्टेडियमचा जन्मच खुर्च्यांच्या भांडणातून झाला. त्याआधी मुंबईतले कसोटी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर व्हायचे. ब्रेबर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामने भरवायचे तिथे, पण तेव्हाच्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या वाट्याला किती जागा येणार यावरून दोघांत वर्षानुवर्षं खटके उडत होते. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की स्वतःचंच स्टेडियम बांधायचं. ब्रेबर्नपासून एक किलोमीटरही दूर नसलेल्या जागेवर सुमारे १३ महिन्यांत ते उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या.

एका क्लबाने जागा दिल्या नाहीत म्हणून बांधलेल्या स्टेडियममध्ये ३६ वर्षांनी क्लबांनाच जागा मिळाल्या आणि शहराला नाही. हा योगायोग मुंबई क्रिकेटच्या इतिहासात फारसा कुणी मोठ्याने बोलत नाही.

तिकीट मिळालं तरी अडचणी संपत नाहीत

२०२३ चा पुरुषांचा वन-डे वर्ल्ड कप पूर्णपणे भारतात झाला. मुंबईच्या वाट्याला पाच सामने आले, त्यात एक सेमीफायनल. स्पर्धा ५ ऑक्टोबरला सुरू होणार होती. वेळापत्रक आलं जूनच्या अखेरीस. मग ऑगस्टमध्ये नऊ सामन्यांच्या तारखा-वेळा बदलल्या. तिकीट विक्री सुरू झाली २५ ऑगस्टला, म्हणजे पहिल्या चेंडूच्या जेमतेम सहा आठवडे आधी.

एकट्या माणसाला हे चालतं. तो ऑफिसात दांडी मारतो, मित्राच्या घरी झोपतो, दुसऱ्या दिवशी परत. कुटुंबाचं तसं नसतं. मुलांच्या परीक्षा, दोघांच्या रजा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सोय, हे सगळं सहा आठवड्यांत जुळवायचं आणि तेही तिकीट मिळेल की नाही हे माहीत नसताना. ऑनलाइन रांगेत चार तिकिटं शेजारी-शेजारी मिळणं हे एक तिकीट मिळण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

शिवाय मोबाइलवरचं तिकीट तिथे चालणार नव्हतं. छापील तिकीट घरपोच मागवायचं किंवा ठरलेल्या केंद्रावरून घेऊन यायचं, असा नियम होता. तो केल्याने गेटवरचं स्कॅनिंग सोपं होतं, असं आयोजकांचं म्हणणं. केंद्रावर जाऊन घ्यायचं तर तिकिटासाठी आणखी एक फेरी आलीच.

काही गोष्टी मात्र प्रेक्षकाच्या बाजूने झाल्या. स्टेडियममध्ये पिण्याचं पाणी मोफत देण्याची घोषणा बीसीसीआयने केली. वानखेडेवर एमसीएने प्रत्येक प्रेक्षकाला एकदा पॉपकॉर्न आणि शीतपेय मोफत देण्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, बाहेरची बाटली आत नेता येत नसताना, मोफत पाणी ही काही किरकोळ गोष्ट नाही.

त्या वर्ल्ड कपने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. १५ नोव्हेंबरच्या भारत-न्यूझीलंड सेमीफायनलसाठी, जिथे विराट कोहलीने वन-डेतलं ५० वं शतक केलं आणि मोहम्मद शमीने सात विकेट्स घेतल्या, तिकिटांवर झुंबड होती. त्याच वानखेडेवर आठ दिवस आधी, ७ नोव्हेंबरच्या मंगळवारी, ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान सामना झाला. भारत नव्हता, त्यामुळे तिकिटांची तेवढी मारामारी नव्हती. २९२ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली होती. तिथून ग्लेन मॅक्सवेलने, पायात गोळे येऊन धावताही येत नसताना, नाबाद २०१ धावा ठोकल्या. वन-डेच्या इतिहासातल्या सर्वांत थक्क करणाऱ्या खेळींपैकी एक, आणि ती पाहायला ओळख लावावी लागली नव्हती. शहरात वर्ल्ड कप आला की सगळेच भारताच्या सामन्यामागे धावतात. मुलांना घेऊन पहिल्यांदा जायचं असेल तर भारत नसलेला सामना हा जास्त शहाणपणाचा पर्याय ठरतो.

नवी मुंबईत काय वेगळं घडलं?

इथे थोडं मागे जावं लागेल. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपचे सामने आधी नवी मुंबईत होणारच नव्हते. ते बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ठरले होते. ४ जून २०२५ ला आयपीएल विजयाच्या जल्लोषावेळी त्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. मरण पावलेल्यांत बहुतेक तरुण होते. त्यानंतर ऑगस्टमध्ये वर्ल्ड कपच्या यादीतून बंगळुरूचं नाव गेलं आणि डी. वाय. पाटील स्टेडियमचं आलं. तीन साखळी सामने, एक सेमीफायनल आणि फायनल.

तरीही फायनल नक्की नेरुळलाच, असं म्हणता येत नव्हतं. भारत-पाकिस्तान यांच्यातल्या व्यवस्थेनुसार पाकिस्तानचे सगळे सामने कोलंबोत होते. पाकिस्तान फायनलला पोहोचलं असतं तर फायनलही कोलंबोला गेली असती. पाकिस्तान स्पर्धेबाहेर गेल्यावरच हा प्रश्न सुटला.

डी. वाय. पाटील स्टेडियम एमसीएच्या मालकीचं नाही, ते एका खासगी शैक्षणिक समूहाचं आहे. वानखेडेपेक्षा मोठं आहे. मोठ्या स्पर्धा त्याला नवीन नाहीत. २००८ मध्ये आयपीएलची पहिली फायनल तिथे झाली, २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल वर्ल्ड कपची सेमीफायनल आणि २०२२ मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल.

पण खरा फरक पडला तो तिकिटाच्या किमतीने. आयसीसीने भारतातल्या साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून विक्रीला ठेवली. आयसीसीच्या मोठ्या स्पर्धांमधली ही सर्वांत कमी किंमत होती. चौघांचे ४०० रुपये. मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात अनेकदा दोन पॉपकॉर्नही येत नाहीत. नंतरच्या २०२६ च्या पुरुष टी-२० वर्ल्ड कपसाठीही भारतात तिकिटं १०० रुपयांपासून ठेवण्यात आली. म्हणजे हा केवळ महिला क्रिकेटसाठी केलेला प्रयोग राहिला नाही.

कर हाही मुद्दा आहे. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीमुक्त असतं, त्यापुढे १८ टक्के लागतो. आयपीएल या सवलतीत बसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे १ हजार रुपयांच्या मूळ तिकिटावर वर्ल्ड कपला १८० रुपये कर आणि आयपीएलला ४०० रुपये. चार जणांच्या घरासाठी हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मग काय झालं? २३ ऑक्टोबरला भारत-न्यूझीलंड सामना होता. त्या दिवशी भाऊबीज. शाळांना सुट्टी, घरी पाहुणे. औक्षण आटपून लोक नेरुळला निघाले असावेत, कारण त्या साखळी सामन्याला सुमारे २५ हजार प्रेक्षक होते. सांगलीच्या स्मृती मानधनाने १०९ आणि प्रतिका रावलने १२२ धावा केल्या आणि भारत सेमीफायनलला पोहोचला. लागोपाठ तीन पराभवांनंतर आलेला हा विजय होता, म्हणजे महिनाभर आधी सेमीफायनलची तिकिटं काढून ठेवणाऱ्यांनी चांगलाच जुगार खेळला होता. ३० ऑक्टोबरच्या सेमीफायनलला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करत ३३९ धावांचं लक्ष्य गाठून दिलं. महिला वन-डेतला तो सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. आणि फायनलला ३९ हजारांहून अधिक प्रेक्षक.

२०१३ मध्येही महिला वर्ल्ड कप मुंबईत झाला होता, हे आज किती जणांना आठवतं? तेव्हा वानखेडेवर ठरलेले सामने ब्रेबर्नला हलवले गेले, कारण त्याच काळात वानखेडेवर रणजी करंडकाची फायनल होती. वर्ल्ड कपला घरगुती स्पर्धेसाठी जागा सोडावी लागली. त्या वर्ल्ड कपची फायनल ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांच्यात झाली आणि शहराला फारसा पत्ताही लागला नाही.

चौघांचा एक दिवस

आता हिशेब जमिनीवर आणू. समजा, कळव्यात राहणारं एक कुटुंब आहे. आई, बाबा, आठवीतली मुलगी आणि आजी. मुलगी शाळेच्या टीममध्ये ऑफस्पिन टाकते, दीप्ती शर्मा तिची लाडकी. आजीला क्रिकेट कळतं, पण तिने स्टेडियम फक्त टीव्हीवर पाहिलंय.

वानखेडेला जायचं तर कळव्याहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग चर्चगेट किंवा मरीन लाइन्स. नेरुळला जायचं तर कळव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी आणि जुईनगर किंवा नेरुळला उतरायचं. गाडी सरळ आहे, पण स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत बरंच चालावं लागतं, आणि सामन्याच्या दिवशी रिक्षा गेटपर्यंत जाईलच असं नाही. सामना रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघूनच निघायचं. बाहेरगावच्या प्रेक्षकाला हा शब्द कळत नाही, मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही.

मग गेट. पॉवर बँक, बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, मोठी बॅग, छत्री, लायटर या गोष्टी बहुतेक सामन्यांना आत नेऊ देत नाहीत. नाणीसुद्धा काढून ठेवायला लावतात, ती मैदानात फेकली जाऊ नयेत म्हणून. गेटवर जमलेला पॉवर बँकचा ढीग पाहिला की लक्षात येतं, किती जण अटी न वाचता येतात. आजीची औषधं हा वेगळा प्रश्न. ती मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवली तर वाद कमी होतो. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा जाता येत नाही, त्यामुळे काही विसरलं की विसरलंच. लहान मूल मांडीवर बसेल म्हणून तिकीट लागणार नाही, असं गृहीत धरू नये. वयाची अट प्रत्येक स्पर्धेच्या तिकीट नियमांत लिहिलेली असते.

जागा निवडताना स्वस्त म्हणजे वरची, हे लक्षात ठेवायचं. वरच्या स्तरावरून मैदानाची रचना छान दिसते, क्षेत्ररक्षण कळतं, पण तिथे पोहोचायला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. आजीसाठी खालचा किंवा जिन्याजवळचा स्टँड घ्यावा, मग भले शंभर-दोनशे रुपये जास्त जावोत. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडची ख्याती तिथल्या घोषणांसाठी आणि टोमण्यांसाठी आहे. काहींना तीच मजा वाटते, काही आई-बाबांना आठवीतल्या मुलीसोबत तिथे बसणं नको वाटतं. दोघांचंही बरोबर आहे. महिलांच्या स्वच्छतागृहासमोरची रांग इनिंग ब्रेकमध्ये सर्वांत लांब असते. विसाव्या-पंचविसाव्या षटकात जाऊन आलेलं बरं.

आत गेल्यावर खाण्याचे दर बाहेरच्यापेक्षा जास्त असतात. १०० रुपयांच्या तिकिटावर आलेल्या कुटुंबाचा त्या दिवशीचा खरा खर्च खाणं, जर्सी आणि परतीची कॅब यांवरच होतो. ठरवून घरी पोटभर जेवून निघणारे शहाणे.

पाऊस आला तर पैसे परत?

२६ ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलवरचा भारत-बांगलादेश सामना पावसाने निकालाविना संपला. बांगलादेशची डाव कापलेली २७ षटकं झाली, भारताची जेमतेम नऊ. अशा वेळी प्रेक्षकाला काय मिळतं?

सहसा काहीच नाही. बहुतेक आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या तिकीट अटींमध्ये एकही चेंडू न टाकता सामना रद्द झाला तरच परतावा मिळतो. खेळ सुरू झाला, मग दहा षटकं होवोत की पन्नास, तिकीट वापरलं गेलं असं धरतात. सेमीफायनल आणि फायनलसाठी बहुधा राखीव दिवस असतो, आणि त्या दिवशी तिकीट चालतं का हे आधीच वाचून ठेवावं. तिकीट जपून ठेवायचं ते यासाठी. गेटवर फाडून उरलेला तुकडा फेकून देणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

ब्लॅकने तिकीट घेतलं तर?

विक्रीत तिकिटं कमी आणि मागणी जास्त असली की मधली जागा काळाबाजारवाले भरतात. २०२३ च्या सेमीफायनलआधी मुंबई पोलिसांनी असं एक प्रकरण पकडलंही. तिकिटं मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकली जात होती.

ऑनलाइन तिकीट विक्रीतल्या काळ्याबाजाराविरोधात मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली होती. त्यात मोठ्या कॉन्सर्टसोबत आयपीएल आणि २०२३ च्या वर्ल्ड कपचाही उल्लेख होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असा त्यामागचा आशय. म्हणजे सध्या तरी खरेदीदाराचं संरक्षण तोकडं आहे.

कुटुंबासाठी यातला धोका दुहेरी आहे. सोशल मीडियावर 'चार तिकिटं आहेत, निम्मे पैसे आता पाठवा' असा मेसेज येतो. पैसे गेले तर गेलेच. तिकिटं आली आणि एकाच क्यूआर कोडच्या चार प्रती निघाल्या तर गेटवर पहिला आत जातो आणि तीन जण बाहेर राहतात. आजी आत आणि बाकीचे बाहेर, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून पैसे देण्याआधी तिकिटाचा फोटो मागण्यात अर्थ नाही. फोटोवरून ते आधी किती जणांना विकलंय हे कळत नाही. आपल्या तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकणंही तितकंच धोक्याचं, कारण कोड दिसला की त्याची प्रत काढता येते.

परतीची गाडी

दिवसरात्रीचा वन-डे सामना वेळेवर सुरू झाला तरी रात्री उशिरा संपतो. गर्दी हळूहळू बाहेर पडते, स्टेशनवर पोहोचेपर्यंत अकरा सहज वाजतात. मध्यरात्रीनंतर ट्रान्स-हार्बरच्या गाड्या तुरळक होतात आणि मग थांबतात. मोठ्या कार्यक्रमांसाठी रेल्वे कधी जादा गाड्या सोडते, पण ती घोषणा बहुधा ऐन वेळी येते. त्यामुळे शेवटची गाडी किती वाजता, हे सामन्याच्या आधीच पाहून ठेवायचं. बाहेर पडताना सगळ्यांसोबत एकाच गेटवर ढकलाढकली करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जागेवर बसून राहणं चांगलं. बंगळुरूनंतर हा सल्ला फक्त सोयीचा राहिलेला नाही. मुलं हरवली तर कुठे भेटायचं ती जागा आत शिरतानाच ठरवावी, कारण ४० हजार फोन एकाच वेळी चालू असताना नेटवर्क मिळेलच असं नाही.

२ नोव्हेंबरला हीच अडचण सर्वांसमोर होती. भारताने शफाली वर्माच्या ८७ आणि दीप्तीच्या ५८ धावांच्या जोरावर २९८ केल्या, तेव्हाच रात्र बरीच झाली होती. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतकाकडे निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. शेवटची लोकल की शेवटचं षटक, हा प्रश्न त्या रात्री स्टँडमधल्या किती घरांत विचारला गेला असेल. वोल्वार्ट खेळत असताना जे उठले, त्यांना अमनजोत कौरने हातातून दोनदा निसटता निसटता पकडलेला तिचा झेल दिसला नाही. जे थांबले त्यांनी दीप्तीची पाचवी विकेटही पाहिली. नादिन डी क्लर्कने मारलेला चेंडू हवेत गेला, हरमनप्रीत कौर मागे धावत गेली आणि तो तिने पकडला. दक्षिण आफ्रिका २४६ सर्वबाद, भारत ५२ धावांनी विजयी. घड्याळात ३ नोव्हेंबर उजाडला होता आणि पहाटेची पहिली लोकल अजून चारेक तासांवर होती.